सगळं बदललं, तरी गाडी तीच?

व्हिंटेज गाड्यांची रॅली बघायला रस्त्याच्या कडेला जमलेल्या गर्दीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "एवढी चकचकीत आहे म्हणजे इंजिन उतरवलं असणार, पत्रा बदलला असणार, सीटा नव्या, रंग नवा. मग हिच्यात जुनं राहिलं काय?" त्याच्या पाठोपाठ दुसरा असतो: "आणि असल्या गाडीला लोक कोट्यवधी रुपये देतात, ते नेमके कशाचे?"

जुन्या गाड्यांचे जाणकार पुष्कळदा हे प्रश्न हसण्यावारी नेतात. मला ते फार महत्त्वाचे वाटतात. या क्षेत्रातले वाद, कोर्टकज्जे आणि किमती फिरून फिरून याच दोन प्रश्नांपाशी येतात. उत्तर शोधण्यासाठी आपण मुख्यतः एका गाडीचा माग काढू: बुगाटी टाइप ५७ एससी अ‍ॅटलांटिक. १९३६ ते १९३८ या काळात फ्रान्समध्ये अशा फक्त चार गाड्या बनल्या. त्यांतली एक रेल्वेखाली सापडली, एक नाहीशी झाली आणि उरलेल्या दोन आज जगातल्या सर्वात मौल्यवान गाड्यांमध्ये मोजल्या जातात.

१. चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची

आधी त्या काळची पद्धत समजून घेऊ. आज आपण शोरूममधून अख्खी गाडी घेतो. १९३०च्या दशकात उंची गाडी घेणारं गिऱ्हाईक अनेकदा नुसती चेसिस विकत घेई. चेसिस म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल आणि चाकं. ती मग बॉडी बांधणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात जाई आणि तिथे मालकाच्या पसंतीने तिच्यावर पत्रा चढे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी याच पद्धतीने ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीच्या चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली होती. फॅशन बदलली की काही मालक त्याच चेसिसवर नवी बॉडी चढवत. त्यामुळे व्यवहारात गाडीची ओळख चिकटली ती चेसिसला, पत्र्याला नाही. पुढे हा मुद्दा आपल्याला पुन्हा लागणार आहे.

एतोरे बुगाटी मूळचा मिलानचा. १९०९ साली त्याने आल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावी कारखाना काढला. तेव्हा ते गाव जर्मनीत होतं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आलं. त्याच १९०९ साली जन्मलेला त्याचा मुलगा जाँ पुढे कारखान्याचा कर्ता झाला. टाइप ५७ ही गाडी त्याची. १९३४ पासून तिचं उत्पादन सुरू झालं आणि एकंदर सातशेच्या आसपास गाड्या निघाल्या. एका ओळीत आठ सिलिंडर, ३,२५७ सीसीचं इंजिन. जाँला बॉडीच्या आकाराची विलक्षण जाण होती, त्यामुळे टाइप ५७च्या अनेक बॉडी बाहेर न पाठवता त्याच्याच देखरेखीखाली घडल्या. अ‍ॅटलांटिक त्यांतलीच.

नावातली एस आणि सी ही अक्षरंही समजून घेऊ. एस म्हणजे खाली बसवलेली गाडी. साध्या टाइप ५७मध्ये मागचा एक्सल सांगाड्याच्या खालून जाई. एसमध्ये सांगाड्यालाच भोक ठेवून एक्सल त्यातून आरपार नेला. इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं खोलगट भांडं असतं, त्याऐवजी तेल वेगळ्या टाकीत ठेवलं, म्हणून इंजिनही आणखी खाली बसवता आलं. गाडी जमिनीजवळ आली की वळणावर कमी कलंडते. सी म्हणजे कॉम्प्रेसर, ज्याला आपण सुपरचार्जर म्हणतो. तो इंजिनमध्ये हवा दाबून भरतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. बिनकॉम्प्रेसरच्या एसची ताकद १७५ अश्वशक्तीच्या आसपास होती, कॉम्प्रेसर लावल्यावर ती २००पर्यंत गेली. म्हणजे इंजिनचा आकार तोच ठेवून सातव्या हिश्श्याची भर. ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडायला एवढं पुरेसं होतं.

२. पाठीवरचा जोड

अ‍ॅटलांटिकचा फोटो एकदा पाहिला की विसरत नाही तो तिच्या मधोमध, नाकापासून शेपटीपर्यंत गेलेल्या उभ्या पट्टीमुळे. पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांच्या कडा बाहेर वळवून, एकमेकींना टेकवून, रिव्हेट ठोकून जोडल्या आहेत. मडगार्डांवरही तसाच जोड आहे. गाडी बांधणारा कारागीर जोड लपवण्यासाठी जिवाचं रान करतो. इथे तोच जोड उभारून दाखवला आहे. का?

त्याचं मूळ ऑक्टोबर १९३५च्या पॅरिस मोटर शोमध्ये आहे. तिथे जाँने एरोलिथ नावाची नमुन्याची गाडी मांडली. तिची बॉडी एलेक्ट्रॉन या मिश्रधातूची होती. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम असतं. हा धातू अतिशय हलका, पण वेल्डिंगच्या ज्योतीने पेट घेण्याचा धोका मोठा. वेल्डिंग नाही म्हटल्यावर उरले रिव्हेट, आणि रिव्हेट ठोकायचे तर कडा बाहेर काढणं सोयीचं. अडचणीतून तो आकार जन्मला.

पुढच्या चार गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या. ॲल्युमिनियमला वेल्डिंग करता येतं, जोड घासून गुळगुळीत करता येतो. तरी जाँने रिव्हेटची पट्टी ठेवली. माझ्या मते हा त्याचा सर्वात धाडसी निर्णय. गरज संपल्यावरही त्याने तिचं सौंदर्य ओळखलं. अ‍ॅटलांटिक हे नाव जाँ मेर्मोझ या फ्रेंच वैमानिकाच्या स्मरणार्थ आलं. डिसेंबर १९३६मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरावर तो विमानासह बेपत्ता झाला होता.

रिव्हेटचा हा तपशील दुरुस्तीच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. रिव्हेट हाताने ठोकलेले असतात. त्यांच्यातलं अंतर, डोक्यांचा आकार, पत्र्यावर उमटलेले हातोडीचे घाव यांत घडवणाऱ्याचा हात दिसतो. जुना पत्रा टाकून हुबेहूब नवा चढवला, तर गाडी लांबून तशीच दिसेल, पण तो हात गेलेला असेल.

जाँ बुगाटीला चारही गाड्यांचं पुढचं नशीब पाहता आलं नाही. ११ ऑगस्ट १९३९ रोजी मोल्सहाइमजवळ, त्या वर्षीची ल मॉंची शर्यत जिंकलेली गाडी रस्त्यावर तपासून पाहताना अपघात झाला आणि तो गेला. तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता.

३. गाडीचा सातबारा

ओळख चेसिसला चिकटते असं वर म्हटलं. ती कशी पटवायची? नंबराने. आपल्या आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतात, तसेच तेव्हाही होते. चार अ‍ॅटलांटिकचे चेसिस नंबर ५७३७४, ५७४५३, ५७४७३ आणि ५७५९१. यातले ५७ हे मॉडेलचं नाव, पुढचे तीन आकडे त्या गाडीचे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल यांवरही आपापले नंबर पंच केलेले असत आणि कोणत्या चेसिसवर कोणते भाग बसले याच्या नोंदी कारखाना ठेवी. गाडीवरचे नंबर त्या नोंदींशी जुळले, तर तिचे मुख्य भाग जन्मापासून एकत्र आहेत असं म्हणता येतं. या व्यापारात त्याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात आणि त्या दोन शब्दांवर किमतीत प्रचंड फरक पडतो.

पण नंबर पुरत नाही. पंच आणि हातोडी कुणीही विकत आणू शकतो. म्हणून नंबराच्या जोडीला मालकीची साखळी लागते. जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार आपण जसे पाहतो, तसंच इथे पाहावं लागतं: पहिला मालक कोण, त्याच्याकडून कुणाकडे, कोणत्या वर्षी, कोणत्या व्यवहाराने. मधली एक नोंद गहाळ झाली की संशय सुरू होतो, कारण त्या रिकाम्या वर्षांत गाडीचं काहीही झालेलं असू शकतं. जुनी बिलं, नोंदणीचे कागद, विम्याची पत्रं, मेकॅनिकची पावती, कुणाच्या लग्नात मागे उभी असलेली गाडी दिसणारा फोटो, हे सगळं पुरावा होतं.

धातूचा पुरावा आणि कागदाचा पुरावा एकमेकांना दुजोरा देतात का, एवढंच तज्ज्ञ तपासत असतात. आता हा निकष चार गाड्यांना लावू.

४. रॉथशिल्डची गाडी

पहिली अ‍ॅटलांटिक, ५७३७४, १९३६मध्ये लंडनला व्हिक्टर रॉथशिल्डकडे गेली. प्रसिद्ध बँकर घराण्यातला हा तरुण स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होता. रंग निळसर करडा. गाडी आली तेव्हा तिच्यावर कॉम्प्रेसर नव्हता. तो १९३९मध्ये कारखान्याने बसवून दिला.

इथेच एक अवघड प्रश्न येतो. कॉम्प्रेसर १९३६मध्ये नव्हता, मग आज तो ठेवायचा की काढायचा? जाणकारांचं उत्तर आहे, ठेवायचा. बदल कारखान्यानेच केला, पहिल्याच मालकासाठी केला आणि त्याची नोंद आहे. गाडी ज्या दिवशी फाटकाबाहेर पडली त्या दिवशीच तिचा इतिहास संपला, असं मानणं मला पटत नाही. उलट, पुढच्या एखाद्या मालकाने आपल्या हौसेने बॉडीला कापाकापी केली, तर तो बदल कितीही जुना असला तरी त्याचं वजन वेगळं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही गाडी अमेरिकेत गेली. १९७१मध्ये लॉस एंजेलिसला तिचा लिलाव झाला आणि डॉ. पीटर विल्यमसन या न्यूरोलॉजिस्टने ती ५९,००० डॉलरना घेतली. त्या काळी ही रक्कम अनेकांना अवाच्या सवा वाटली असणार. विल्यमसनने ती शेवटपर्यंत सांभाळली आणि रॉथशिल्डकडे असतानाच्या रूपात परत नेली. २००३मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट ठरली. विल्यमसन २००८मध्ये वारले आणि २०१०मध्ये गाडी विकली गेली. किंमत अधिकृतपणे जाहीर झाली नाही, पण ३ ते ४ कोटी डॉलर असा आकडा सर्वत्र छापून आला. तेव्हाच्या दराने कमीत कमी १३५ कोटी रुपये. गाडी ऑक्सनार्डच्या मलिन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये ठेवली गेली.

थोडं गणित करू. १९७१चे ५९,००० डॉलर म्हणजे अमेरिकेतली महागाई धरून २०१०चे साधारण ३ लाख १७ हजार. ३ कोटींना ३ लाख १७ हजाराने भागलं तर उत्तर चौऱ्याण्णवच्या पुढे येतं. महागाई वजा करूनही किंमत नव्वदपटीहून अधिक वाढली. या काळात गाडीतलं ॲल्युमिनियम वाढलं नाही, वेगही वाढला नाही. नंबर, साखळी आणि निम्म्याहून अधिक मूळ धातू अशा तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या गाड्या किती थोड्या उरल्यात, हे लोकांना कळत गेलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: पैसे या एकत्र येण्याचे पडतात.

५७५९१ची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सरळ आहे. १९३८मध्ये लंडनच्या आर. बी. पोप यांच्याकडे ती निळ्या रंगात आली. बऱ्याच मालकांनंतर १९८८मध्ये फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन यांनी घेतली. मॅसॅच्युसेट्सच्या पॉल रसेल अँड कंपनीने ती पूर्ण सुटी करून पुन्हा उभी केली. १९९०मध्ये पेबल बीचला ती सर्वोत्कृष्ट ठरली, २००५मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात मांडली गेली. लॉरेन यांनी तिला काळा रंग दिला. मूळ निळ्यावर काळा का, असा आक्षेप घेता येतो आणि मीही तो घेतो. पण रंग उतरवता येतो. कापलेला पत्रा पुन्हा जुना होत नाही. परत फिरवता येणारा बदल आणि न येणारा बदल, हा फरक दुरुस्तीच्या शास्त्रातला सर्वात कामाचा फरक आहे.

५. रेल्वे फाटकावर

५७४७३ ही गाडी १९३६च्या अखेरीस फ्रान्समधल्याच जाक होल्झशू यांना मिळाली. पुढे तिचे मालक बदलत गेले. १९५५ साली एका रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला उडवलं. मालक आणि त्यांच्यासोबतची व्यक्ती दोघंही जागीच गेली. गाडीचा चुराडा झाला.

विमा कंपनीच्या भाषेत अशा गाडीला 'टोटल लॉस' म्हणतात आणि ती भंगारात जाते. त्या काळात अ‍ॅटलांटिक म्हणजे जुनी, महागड्या देखभालीची गाडी होती. ती वितळवली गेली असती तर कुणी हळहळलंही नसतं. पण अवशेष टिकले. १९६०च्या दशकात एका फ्रेंच संग्राहकाने ते विकत घेतले आणि त्यांतून गाडी पुन्हा उभी करायला घेतली. १९७०च्या दशकात ती उभी राहिली. पुढे मालक बदलल्यावर, २००६नंतर, पॉल रसेल यांच्याच कार्यशाळेत तिच्यावर पुन्हा नव्याने काम झालं आणि २०१०मध्ये ती पेबल बीचला मांडली गेली.

दोनदा काम का करावं लागलं, याचा विचार करण्यासारखा आहे. १९७०च्या दशकात जुनी गाडी उभी करणं म्हणजे ती चालती आणि देखणी करणं. मूळ भाग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो याची नोंद ठेवण्याची शिस्त तेव्हा रुजलेली नव्हती. नंतरच्या पिढीतले कारागीर आधी शोध घेतात, मग हत्यार उचलतात. जुन्या फोटोंवरून मापं काढतात, पत्र्याच्या आतल्या बाजूच्या खुणा वाचतात, जुळ्या गाडीवरचा तोच भाग समोर ठेवून पडताळतात. चार गाड्यांच्या कुटुंबात हा शेवटचा मार्ग अनमोल ठरतो. एकीची मोडतोड झाली तर दुसरी साक्ष देते.

या गाडीचं मूळ इंजिन मात्र वाचवता आलं नाही. म्हणून संग्राहकांच्या हिशेबात तिचं मोल दोघी बहिणींपेक्षा कमी धरलं जातं. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. तरीही मला ही गाडी फार मोलाची वाटते. तिचे अवशेष एका जागी राहिले, दुसऱ्या कुठल्या चेसिसवर तिचा पत्रा चढवून कुणी नवं नाव सांगितलं नाही, आणि अपघात लपवला गेला नाही. ती आपल्या जखमांसकट स्वतःच्या नावाने उभी आहे.

याउलट प्रकारही घडतात. एका चेसिसचा सांगाडा एकाकडे आणि इंजिन दुसऱ्याकडे गेलं, तर दोघेही आपापल्या भागाभोवती गाडी बांधतात आणि दोघेही तोच नंबर सांगतात. मग खरी कोणती? असा प्रश्न आला की प्रकरण वकिलांकडे जातं.

६. न्यायाधीशांपुढची बेंटली

बुगाटी क्षणभर बाजूला ठेवून इंग्लंडला जाऊ. 'ओल्ड नंबर वन' या टोपणनावाची बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मॉंची शर्यत जिंकली. पहिल्यांदा बार्नाटो आणि बर्किन, दुसऱ्यांदा बार्नाटो आणि किडस्टन या जोड्यांनी ती चालवली. शर्यतीची गाडी म्हटल्यावर तिचे भाग सतत बदलत राहिले. १९३२मध्ये तिच्यात ८ लिटरचं मोठं इंजिन होतं आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती बाजूच्या उतारावरून बाहेर उडाली. चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. नंतर तिच्यावर बंद छताची बॉडी बसवून ती रस्त्यावरची गाडी झाली.

कित्येक वर्षांनी तिच्या मालकाने तिला पुन्हा जुन्या शर्यतीच्या गाडीचं रूप दिलं आणि ती १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. खरेदीदार कंपनीने ऐन वेळी पाय मागे घेतला. म्हणणं असं की ही ओल्ड नंबर वन नाहीच, सगळे भाग बदललेले आहेत. १९९०मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर खटला चालला.

न्यायमूर्तींनी गाडी अक्षरशः भागाभागाने मोजली. १९२९च्या गाडीतलं खात्रीने सांगता येईल असं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. १९३०च्या गाडीतलं उरलं होतं पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब. १९३२च्या गाडीचं मात्र बरंच काही होतं: चेसिस, स्प्रिंगा, पुढचा एक्सल, मागचे ब्रेक, ८ लिटरचं इंजिन, बॉनेट आणि त्याचे दोन पट्टे.

एवढ्यावरून आपण काय म्हटलं असतं? रॅलीतल्या त्या प्रश्नकर्त्याने तर लगेच सांगितलं असतं, गाडी नवी. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ही गाडी 'मूळ', म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, आहे का? नाही. ही 'अस्सल' ओल्ड नंबर वन आहे का? हो. कारण भाग एकाच दिवशी बदलले नाहीत. ते एकेक करून, शर्यतींच्या गरजेने, चालू गाडीत बसत गेले आणि त्या गाडीचाच भाग होत गेले. कुठल्याही एका क्षणी गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली असं दाखवता येत नाही. ओल्ड नंबर वन नावाची दुसरी गाडीही कुठे नव्हती. निकाल मालकाच्या बाजूने लागला.

पहिल्या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर याच निकालात आहे. गाडी तीच राहते, जोवर तिचं असणं मध्ये तुटत नाही. किती टक्के धातू जुना, हा प्रश्न दुसरा आहे. त्याने मोल कमीजास्त होईल, ओळख नाही. पण या निकालाचा दुरुपयोगही होतो. काही विक्रेते जुनी नंबरप्लेट आणि एखादा एक्सल दाखवून अखंड इतिहासाचा दावा करतात. निकाल त्यांच्या बाजूचा नाही. अखंडपणा सिद्ध करावा लागतो, तो गृहीत धरता येत नाही.

७. रंगवायची की तशीच ठेवायची?

२००९मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलजवळ एका डॉक्टरच्या मृत्यूनंतर त्यांचं गॅरेज उघडलं गेलं. आत १९३७ची बुगाटी टाइप ५७ एस अ‍ॅटलांट होती. ही अ‍ॅटलांटिकची जवळची नातलग, पण वेगळी बॉडी. पहिला मालक अर्ल हाउ हा ब्रिटिश शर्यतपटू. १९६०च्या दशकापासून ती तिथेच धूळ खात उभी होती. कुणी रंगवली नाही, धुतलीही नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या लिलावात तिला ३४ लाख युरोंहून अधिक किंमत आली, तीही धुळीसकट. तिच्यावरचा थर म्हणजे कुणी हात न लावल्याचा पुरावा होता.

गेल्या काही दशकांत विचार हळूहळू या दिशेने सरकला आहे. पूर्वी स्पर्धांमध्ये सर्वात चकचकीत गाडी जिंकायची. आता कित्येक ठिकाणी न रंगवलेल्या, मूळ कातड्याच्या सीटांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१३च्या सुमारास ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचं सांगणं असं: शक्य तितका कमी हात लावा, नवा भाग बसवलात तर त्यावर न पुसणारी पण डोळ्यांत न भरणारी खूण करा, बदल परत फिरवता येईल असा करा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा.

म्हणून काय सगळ्याच गाड्या गंजत ठेवायच्या? तसं नाही. मलिन म्युझियमनेच याचं उत्तम उदाहरण घालून दिलं. एका बाजूला लखलखती ५७३७४. दुसऱ्या बाजूला १९२५ची बुगाटी ब्रेसिया, जी १९३६च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या हद्दीतल्या मॅजोरे सरोवरात बुडवली गेली आणि २००९मध्ये ५० मीटरहून खोल पाण्यातून वर काढली. ती त्यांनी तशीच, गळून पडलेल्या पत्र्यासकट मांडली. पहिल्या गाडीत पुन्हा उभं करण्याइतकं खरं साहित्य आणि माहिती होती. दुसरी नवी केली असती, तर जवळजवळ सगळी नव्याने बनवावी लागली असती आणि सरोवराने तिला दिलेलं रूपही गेलं असतं. एकाच छताखाली दोन वेगळे निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

८. न सापडलेली चौथी

उरली ५७४५३, काळी अ‍ॅटलांटिक. ती कुणा गिऱ्हाइकाला विकली गेली नाही. जाँ बुगाटी आणि त्याच्या जवळची काही माणसं ती वापरत. १९३७मध्ये ती नीस आणि ल्यों इथल्या प्रदर्शनांत दिसली. युद्धाच्या धामधुमीत रेल्वेने बोर्दोला हलवायच्या गाड्यांच्या यादीत तिची शेवटची नोंद आहे. तिथून पुढे माग नाही. कारखान्यात वितळवली, बॉम्बहल्ल्यात गेली की दुसऱ्या गाड्यांना सुटे भाग म्हणून लागली, याबद्दल अनेक तर्क आहेत. आजची बुगाटी कंपनी ती सापडल्यास तिचं मोल १० कोटी युरोंच्या वर धरते.

समजा उद्या एखाद्या कोठारात काळ्या रंगाची अ‍ॅटलांटिक निघाली. तर ती खरी हे कसं ठरवणार? नंबर पाहतील, पण त्यावर विसंबणार नाहीत. ॲल्युमिनियममध्ये इतर धातू किती मिसळलेत ते मोजून पत्रा १९३०च्या दशकातला आहे का हे ताडतील. रंगाचा बारीक तुकडा काढून भिंगाखाली किती थर आहेत, कोणत्या काळच्या रसायनांचे आहेत ते मोजतील. रिव्हेटमधली अंतरं उरलेल्या गाड्यांशी ताडतील. आणि मग सर्वात कठीण काम: १९४०च्या दशकानंतर ती कुणाकडे होती, या एकेका वर्षाचा कागद मागतील. धातू खरा निघाला आणि कागद नसले, तर लिलावात शंका बोली थांबवेल. कागद आहेत पण धातू नवा, तर ती प्रतिकृती ठरेल.

९. आपल्याकडे

आपल्या अंगणात अ‍ॅटलांटिक नाही. पण महाराष्ट्रात जुन्या फियाट, हिलमन, मॉरिस, लँड रोव्हर, आजोबांच्या लँब्रेटा अजून शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आहेत, आणि वरचे सगळे नियम त्यांना तंतोतंत लागू पडतात. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अट अशी की ती मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, १० वर्षांसाठी होते, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

तेव्हा घरातली जुनी गाडी डेंटिंग-पेंटिंगला देण्याआधी थोडं थांबा. आहे त्या अवस्थेत चारही बाजूंनी आणि बॉनेट उघडून फोटो काढा. चेसिस आणि इंजिनवरचे नंबर घासू किंवा ग्राइंड करू देऊ नका, कागदावर उतरवून घ्या. जुनं आरसी बुक, पावत्या, विम्याचे कागद, काढून टाकलेले भागसुद्धा एका पेटीत ठेवा. आणि ज्या मामांनी किंवा काकांनी ती गाडी पहिल्यांदा घरी आणली, त्यांना ती कुणाकडून आणि कधी घेतली ते विचारून आजच लिहून ठेवा.